पाखाडी चढणारी गाडी

रत्नागिरीत, ऐन मे महिन्यात, कानटोपी घालून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाहेर अंगाची नुसती चिकचिक, पंख्याखालीसुद्धा घामाच्या धारा, आणि हे आमचे सर चॉकलेटी लोकरीची कानटोपी हनुवटीखाली बटण लावून माझ्या कॉम्प्युटर रूमच्या दारात उभे. "मॅडम, आत येऊ?" असं विचारायचे. विचारायला काही अर्थ नसायचा, कारण तोवर चपला काढून एक पाय आत आलेला असायचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या तंत्रनिकेतनात नुकतेच कॉम्प्युटर आले होते आणि त्यांचं सोवळं देवळापेक्षा कडक होतं. चपला बाहेर, खिडक्या बंद, आत एसी, मशिनांवर झबली घातल्यासारखी प्लास्टिकची कव्हरं. मी नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं. प्राचार्यांनी त्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली तेव्हा मी मामलेदारीण झाल्यासारखी चालायला लागले होते. एसी मशिनांसाठी होता, माणसांसाठी नव्हे, आणि सरांना गारठा सोसायचा नाही. "मशीनला उकडतं नि मास्तरला हिव भरतं, हा कुठला न्याय गो बाय?" विद्यार्थ्यांपुढे मी 'मॅडम', एरवी 'गो बाय'. बापाच्या वयाचा माणूस, रागवायचं तरी कसं?

सर मशीन ड्रॉइंग शिकवायचे. मूळचे लांज्याकडचे, शेतकऱ्याच्या घरातले, बापूस मुंबईत एका गॅरेजात नोकरीला होता. त्यामुळे गाड्यांचं वेड रक्तातच. वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "आधी मध्यरेषा, मग संसार." म्हणजे कुठलीही गोष्ट काढायची तर आधी तिची मधली रेघ काढा, मग बाकीचा पसारा. जो मुलगा मध्यरेषा विसरला त्याचं अख्खं शीट ते न रागावता, शांतपणे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रबराने पुसून द्यायचे. आमच्या एका सहकाऱ्याने त्यांना लग्नाची पत्रिका दिली, तर ती उलटीसुलटी करून म्हणाले, "मध्यरेषा काढलीस काय रे?"

आंब्याच्या दिवसांत तर विचारूच नका. स्टाफरूममध्ये हापूस कापला जायचा तो सरांच्याच हातून. उभा छेद घ्यायचा, गरावर सुरीच्या टोकाने पंचेचाळीस अंशांत तिरप्या रेघा मारायच्या आणि सगळ्यांना दाखवायचं, "हा सेक्शन. आता बघा, गराला रेघा, कोयीला रेघा नाय. बोल्ट, शाफ्ट नि कोय, यांना कधी कापलेलं दाखवायचं नसतं." तोवर आमच्या तोंडाला पाणी सुटून सुकलेलं असायचं. "सर, खाऊ का आता?" असं मी एकदा खेकसले. तर म्हणाले, "खा की. ड्रॉइंग झालंय."

असा माणूस कॉम्प्युटरपाशी कसा आला? तर एका फोटोमुळे. त्यांच्या शेजारचा मुलगा कुवेतला होता. तो आला की काचेच्या बश्या आणायचा आणि त्या बश्या गुंडाळलेले परदेशी मासिकांचे कागद सर मागून घ्यायचे. त्यातल्या एका कागदावर एक मोटारसायकल होती. पण कशी? उभ्या खडकावर पुढचं चाक टेकवून घोरपडीसारखी चिकटलेली. तिला सीट नव्हती. चालवणारा उभा. पोटाखाली हातभर जागा, चाकांवरचे पत्रे उंच, इंजिनाखाली जाड ढाल. खाली छोट्याशा चित्रात काही मापं. 'ट्रायल्स' जातीची गाडी म्हणे. शर्यत वेगाची नाही, खडकांवरून पाय न टेकता जाण्याची. सरांनी तो चुरगळलेला कागद इस्त्रीखाली घालून सरळ केला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे धरला.

"ही गाडी पाखाडी चढंल," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं! म्हातारपणी हे शहाणे आता डोंगरावर गाडी उडवणार. पाखाडी म्हणजे आमच्याकडची जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. गावातून वरच्या वाडीत जायला तीच. तिथून डोली जाते, पालखी जाते, गवताचे भारे जातात. गाडी?

पण गाडी त्यांना स्वतःसाठी नकोच होती.

त्यांची बायको त्यांच्याच गावच्या उपकेंद्रात नर्स. सगळा गाव तिला 'नर्सबाई' म्हणायचा, म्हणून हेही म्हणायचे. "नर्सबाईंनी डब्यात घावणे दिलेत," असं. ती उंच, हाडापेराने मजबूत, मोठ्या आवाजाची बाई. गावची वरची वाडी तिच्याकडेच होती. त्या वाडीतल्या अर्ध्या पोरांची नाळ तिने कापलेली. तिथल्या बाया दुसऱ्या कुणापुढे तोंडसुद्धा उघडायच्या नाहीत, आणि तिच्यापुढे सासूच्या तक्रारींपासून सगळं ओकायच्या. पण तिचे गुडघे गेले. त्या वर्षी ती पाखाडीच्या मध्यावर बसून राहायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, चढणं बंद करा आणि शहरातल्या ऑफिसात टेबलाची जागा मागून घ्या. पावसाळ्याआधी काय ते ठरवायचं होतं, कारण पाखाडीवर एकदा शेवाळ धरलं की धडधाकट माणूस घसरतो, मग तिची काय कथा?

"टेबलावर बसवली तर ती मरंल गो," सर एकदा मला म्हणाले. कानटोपीतून दिसणारा तेवढाच चेहरा, आणि तो एकदम लहान झालेला. "ती घरी येते ना वाडीवरनं, तेव्हा घरात आवाज येतो. गेला महिनाभर आवाज नाय."

त्यानंतर खोलीची वेळ संपली असं मी त्यांना सांगणं सोडून दिलं.

तर सरांचं ट्रायल्स गाडीचं डिझाइन सुरू झालं. सगळ्यांसाठी नव्हे, एका नर्सबाईसाठी. कागदावरच का नाही काढत, असं मी विचारलं तर म्हणाले, "कागदावरची गाडी हलत नाय. मला ती पायरीपायरीवर ठेवून बघायचीय." हे मात्र बरोबर होतं. कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगमध्ये, एकदा काढलेली वस्तू उचलून कुठेही ठेवता यायची, कशीही फिरवता यायची.

पण काढण्याची तऱ्हा! कॉम्प्युटरपाशी बसण्याआधी पेन्सिलीला टोक करायचे. पेन्सिल लागायची नाही, ती कानटोपीत खोचलेली. एकदा तर गुण्या घेऊन आले आणि पडद्याला लावून काटकोन तपासायला लागले. तेव्हाचे पडदे बाहेर फुगलेले. गुण्या टेकेना. "तुमचा कॉम्प्युटर पोट पुढे काढून बसलाय, मॅडम. ह्याची रेघ मी खरी मानू कशी?" मी कपाळावर हात मारला.

आणि बारकावे किती! नुसता गोल काढून चाक म्हटलं तर चाललं असतं. पण नाही. प्रत्येक तार, तारेच्या बुडाची छोटी पितळी टोपी, साखळीची कडी न् कडी, इंजिनावरच्या पंखांची जाडी, ब्रेकच्या तारेचं वळण. "सर, एवढं कशाला?" "उद्या तार तुटली तर नर्सबाई कुणाला विचारील?" चित्र इतकं जड झालं की मशीन ते पुन्हा पडद्यावर उभं करायला घ्यायचं तेव्हा आम्ही चहा पिऊन परत यायचो. एकेक रेघ उमटत जायची आणि सर हात जोडल्यासारखे बघत राहायचे. लाइट गेली की दोन तासांचं काम गडप. मी चरफडायचे, एमएसईबीच्या नावाने बोटं मोडायचे. सर कानटोपी काढून डोकं खाजवायचे, "बरं झालं, त्या फूटरेस्टचं माप मला पसंत नव्हतंच," म्हणायचे.

गाडीवर त्यांनी बाईसुद्धा काढली. बायकोला भिंतीशी उभं करून खरोखर टेपने मोजलं होतं. गुडघ्याची उंची, कोपराची उंची, पाऊल किती पडतं, सगळं. आंबाडा म्हणून एक वर्तुळ आणि त्या वर्तुळालाही मध्यरेषा! मला हसू आवरेना. ते गंभीरपणे म्हणाले, "तोल त्याच्यावर असतो."

मग सरांना ताप आला. त्याआधीच्या रविवारी त्यांनी पाखाडीच्या सगळ्या पायऱ्यांची उंची-रुंदी मोजून जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर उतरवली होती. ती कॅलेंडरं त्यांनी माझ्याकडे पाठवली. मी आठवडाभर बसून पाखाडी काढली. खऱ्या मापात. कॅडमध्ये तसंच काढायचं असतं, कागदाची चिंता नाही, पडद्यामागे मैलभर जागा.

सर बरे होऊन आले. मोठ्या उत्साहाने त्यांची गाडी आणून आम्ही पाखाडीच्या तळाशी ठेवली. पण गाडी दिसेचना. मी म्हटलं, कुठे गेली? चित्र मोठं करत गेलो, करत गेलो, तर पहिल्या पायरीच्या बुडाशी एवढीशी गाडी! पायरीपेक्षाही बुटकी. त्यावर एवढीशी नर्सबाई, आंब्याच्या बाठ्याएवढ्या आंबाड्याची.

"सर, तुम्ही किती मापात काढलंत?"

"एकास पाच," ते म्हणाले. "शीटवर बसायला नको?"

कुठलं शीट? कसलं शीट! तीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढलेला माणूस. प्रत्येक माप मनातल्या मनात पाचाने भागायचं आणि मग काढायचं, हे हातात इतकं मुरलेलं की नखाएवढ्या नटापासून चाकापर्यंत सगळं त्यांनी भागून भागून काढलं होतं. मी काही न बोलता आज्ञा टाकली, पाचपट कर. मशीन जरा घुटमळलं आणि गाडी खरीखुरी होऊन पायरीपाशी उभी राहिली. नर्सबाईसुद्धा.

सर खुर्चीतून उठले. "आयुष्यभर सगळं बारीक करून काढलं गो," ते म्हणाले. "एवढी मोठी गोष्ट मी पहिल्यांदाच काढली." मी उगाच कीबोर्ड पुसत बसले.

मग गाडी पाखाडी चढायला लागली. म्हणजे आम्ही ती उचलून एकेका पायरीवर ठेवायचो, कललेली फिरवायचो, आणि बघायचो कुठे लागते का. खालच्या पायऱ्या झकास गेल्या. मधल्या वळणावर मात्र दरवर्षीच्या पावसाने पायरीखालची माती धुपून नेलेली. तिथल्या ओळीने पाचसहा पायऱ्या जवळजवळ गुडघ्याएवढ्या. तिथे गाडी गेली की इंजिनाखालची ढाल दगडाच्या आत घुसलेली दिसायची. सरांनी इंजिन वर घेतलं, तर तोल गेला. चाकं जवळ आणली, तर गाडी मागे उलटली. कितीतरी दिवस त्याच पायऱ्या, तोच खटाटोप. एप्रिल संपला. टेबलाच्या जागेचा अर्ज घरी लिहून तयार होता, नुसती सही राहिली होती.

एके दुपारी नर्सबाई स्वतः आल्या. शहरात त्यांची मीटिंग होती, नवऱ्याला घेऊन एस्टीने परत जायचं होतं. जिन्यावरूनच त्यांचा आवाज आला, "कुठायत आमचे कानटोपीवाले?" आत येऊन पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"ही कोण?"

"तू," सर म्हणाले.

"मी अशी उभी का? बसायला देत नाहीत?"

"ह्या गाडीला सीटच नसते."

"वा! म्हणजे पन्नाशीला टेकलेल्या बाईने लुगडं सावरत उभ्याने गाडी हाणायची! सर्कशीत घातलंनीत मला," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. मी हसले. पण त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या, आणि आवाज खाली आला. "हे वळण ना? फणसाखालचं?"

"होय. इथंच गाडी अडते."

"मी पण इथंच अडते," त्या म्हणाल्या. "इथपर्यंत काही वाटत नाही. पुढची चढण पण जमेल. हे एवढंच." आणि पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "चला, पावणेपाचची गाडी चुकेल. ती तरी खरी आहे."

दुसऱ्या दिवशी सर सकाळीच हजर. बसले, आणि वळणावरच्या दोन उंच पायऱ्यांच्या मध्ये एक आडवी रेघ मारली, एक उभी. अर्धी पायरी. तशीच पुढची, तशीच त्याच्या पुढची. मग गाडी उचलून ठेवली. ढाल मोकळी! गाडी सरळ वळणाच्या वर. सरांनी टाळी वाजवली, कानटोपी हवेत उडवली. "चढली! चढली गो बाय!"

मी भडक डोक्याची, जिभेला हाड नाही. पटकन बोलले, "अहो सर, अर्ध्या पायऱ्या झाल्या तर गाडी कशाला हवी? त्या पायीच जातील की!"

सरांचे हात तसेच वर राहिले. मग हळूहळू खाली आले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, एकेका तारेकडे पाहत असावेत. मग चपला घालून निघून गेले. कानटोपी माझ्या टेबलाखाली पडलेली. मी ती उचलून झटकली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. एवढ्या महिन्यांची गाडी, एका वाक्यात भंगारात.

चार दिवस फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी दारात. "मॅडम, आत येऊ?" आत येऊन बसले, गाडीवर चौकट ओढली आणि गाडी पुसली. मी हात धरायच्या आत. पडद्यावर राहिली नुसती पाखाडी आणि तिच्यावर अधांतरी उभी असलेली नर्सबाई. तिला त्यांनी खाली आणली, पाय पायरीला टेकवले. "आता बरोबर," म्हणाले. गाडी माझ्या फ्लॉपीत वेगळी ठेवलेली होती, ते मी त्यांना सांगितलं. "असू दे," म्हणाले, "देखणी होती."

मग मात्र ते आपल्या बोर्डावर गेले, आणि पाखाडीचं ड्रॉइंग शाईने शीटवर काढलं. एकास दहा.

वरच्या वाडीत मे महिन्यात मुंबईकर आलेले असतात, श्रमदानाला हात असतात. सरांनी बैठक बोलावली आणि मलाही ओढून नेलं, "कॉम्प्युटरवाल्या मॅडम" म्हणून. माणसं ऐकून घेत होती. बायका तर ड्रॉइंग न बघताच तयार, नर्सबाई यायला हवी, बस्स. पण पालखीचे मानकरी बाबा मान हलवेनात. पिकलेल्या मिशांचे, ताठ.

"मास्तर, बाईसाठी कायपण करू," ते म्हणाले. "पन ह्याच पाखाडीवरनं शिमग्याला देवीची पालखी येते. खांदेकऱ्यांचा पाय ह्या पायऱ्यांवर बसल्याला हाय, बापजाद्यांपासनं. मधी अर्धी पायरी आली, पाय चुकला, पालखी कलंडली, तर गाव कुनाला विचारील?"

देवीचं नाव निघाल्यावर कोण बोलणार? नर्सबाई खाली मान घालून बसल्या होत्या. माझ्या मनात आलं, संपलं. आता अर्जावर सही होणार.

सरांनी शीट गुंडाळून ठेवलं. "उठा बाबा," म्हणाले. अंगणातला एक लांब वासा त्यांनी दोन पोरांच्या खांद्यावर दिला, एक पुढे, एक मागे, पालखीच्या दांड्यासारखा. सगळे वळणावर गेलो. सरांनी हाताने सुटे चिरे रचले, पण पायरीच्या अर्ध्याच रुंदीत, फणसाच्या बाजूला. दुसरी अर्धी बाजू होती तशी. "आता चाला रे." पोरं वासा घेऊन जुन्या बाजूने चढली, नेहमीच्या पावलांनी. वासा हलला नाही. बाबांनी स्वतः पुढचा खांदा घेतला, पुन्हा चढले, पुन्हा उतरले. मिशीवरून हात फिरवला.

"देवी डोंगराच्या अंगानं जाईल," ते म्हणाले, "नि बाई फणसाच्या अंगानं. चिरे कुणाच्या खाणीतनं आनायचे, ता बोला."

वाडीने आठवड्यात काम उरकलं. टोपल्यांनी माती, डोक्यावरून चिरे, बायका-बापे सगळे. सर रोज हजर, पाणसळ लावून प्रत्येक अर्धी पायरी तपासायचे, अर्ध्या बोटाचा फरक दिसला की चिरा उचलायला लावायचे. मुंबईकर पोरं वैतागली, "मास्तर, पाखाडी हाय, रॉकेट नाय!" सर ढिम्म.

काम झाल्यावर पहिल्या लसीकरणाच्या दिवशी मी मुद्दाम गेले. नर्सबाई खांद्याला लसीचा डबा अडकवून पाखाडीला लागल्या. सर खालीच थांबले, वर जाईनात. मीही त्यांच्याजवळ. वळण आलं. त्यांनी फणसाच्या बाजूने पाय टाकला. सर पुटपुटत होते, एकेका पायरीला, "पुढचं चाक आलं... मागचं आलं... पुढचं..." आणि माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली. बाई थांबल्या नाहीत. बसल्या नाहीत. वळण संपलं, वरच्या पायऱ्या संपल्या, वाडीतल्या पोरांनी गलका केला.

सर हलेनात. डोळे वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं.

वरून आवाज आला, डोंगरभर घुमणारा.

"अहो, वर या की! तिथं काय गाडीची वाट बघताय?"